पहिली-दुसरी एकत्र, पट 26: आठवडा बसवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा मिळाली, तुमच्या वाट्याला पहिली आणि दुसरी एकत्र आली, पट 26. टाचण, म्हणजे उद्या काय शिकवायचं त्याची टिपणं, रोज नीट काढता, पण बुधवार उजाडेपर्यंत सगळं कोलमडतं आणि शनिवारी बघावं तर निम्मंच झालेलं असतं. उरलेलं पुढच्या आठवड्यात ओढत न्यायचं, तेही तसंच. तर आठवड्याचं नियोजन करायचं कसं? शिवाय टाचण किती लिहायचं आणि मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी कधी लिहायच्या, हेही तुम्ही विचारलंय.

सर, मी 24 वर्षं नोकरीत आहे. त्यातली 19 पहिली-दुसरीवर गेली, आणि सगळी माणदेशातल्या दुष्काळी पट्ट्यात. तुमच्यासारखंच माझंही पहिली तीन वर्षं झालं. तेव्हा मी एका दिवसाला एक अक्षर, एका आठवड्याला एक घटक, अशी गाडी हाकायची. फेब्रुवारीत अभ्यासक्रम पूर्ण. मार्चमध्ये पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर साधं वाक्य लिहिलं, 'काकाने कमान केली', तर 14 पैकी 9 मुलांना वाचता येईना. अक्षरं सगळ्यांना येत होती, पण ज्या दिवशी शिकवली त्या दिवशीच. त्या मार्चपासून मी आठवडा वेगळ्या तऱ्हेने बसवायला लागले. खाली जे लिहिते आहे ते त्यातून आलेलं आहे, कुठल्या प्रशिक्षणात मिळालेलं नाही. प्रशिक्षणात मिळालं ते वेगळं आणि त्यातलंही काही उपयोगी आहे, ते ओघात येईल.

आधी एक काम करा. दोन आठवडे वेळापत्रकाला हात लावू नका. एक कोरा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि रोज संध्याकाळी तीनच गोष्टी लिहा: आज किती मुलं आली, कोण आलं नाही, आणि खरी शिकवण्याची वेळ किती मिळाली. खोटं लिहू नका, तो कागद कुणाला दाखवायचा नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. आमची शाळा साडेदहा ते पाच, तेव्हा कागदावर चार तास सहज बसतात. मी पहिल्यांदा ही नोंद ठेवली तेव्हा एका आठवड्यात मला सगळे मिळून अकरा तासही मिळाले नव्हते. परिपाठ लांबला, तांदळाचं पोतं आलं, माहिती 'तातडीने' मागवली, शेजारच्या वर्गाचे सर मीटिंगला गेले.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसेल. मुलांच्या गैरहजेरीला वार असतो. आमच्याकडे बुधवारी बाजार. त्या दिवशी आई-बाप तालुक्याला, मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी, आणि आजोबांबरोबर बाजाराला जायचा हट्ट धरून एक-दोघं गायब. सोमवारी पाहुण्यांकडून न परतलेली मुलं. मध्यंतरी पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं मिळायचं, त्या वारी मात्र पट भरलेला! याचा अर्थ एवढाच की गावाला स्वतःचा आठवडा असतो आणि आपण त्याच्यावर दुसरा आठवडा ठेवायला जातो. नवीन अक्षर, नवी संकल्पना बुधवारी सुरू करायची नाही, हा माझा पहिला नियम त्या कागदातून आला. कुठल्याही वेळापत्रकात तो लिहिलेला नसतो, कारण वेळापत्रक भिंतीवर लावायला असतं.

दुसरा नियम: एखादी नवी गोष्ट आठवड्यात किमान चार वेळा भेटली पाहिजे, आणि प्रत्येक वेळी थोडाच वेळ. ऐंशी मिनिटं एकदाच देण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं चारदा दिलेली बरी. सहा-सात वर्षांचं मूल रात्रीतून विसरतं, दुसऱ्या दिवशी अर्धं आठवतं, त्या आठवायच्या धडपडीतच ते पक्कं होतं. आपण मात्र 'झालं शिकवून' म्हणून पुढे जातो आणि ती धडपड करायची संधीच देत नाही.

आता वारांकडे येते.

सोमवारी मी पुस्तक उघडत नाही. मुलं गोल बसतात, बस्कर पट्ट्या भिंतीकडे सरकवलेल्या, आणि रविवारी काय झालं ते सांगायचं. पहिले दोन-तीन महिने अर्धी मुलं बोलत नाहीत, काहीजण शेजाऱ्याचंच पुन्हा सांगतात. तिघा मुलांनी ओळीने 'आमच्या शेळीला करडू झालं' सांगितलेलं मी ऐकलंय, त्यातल्या दोघांकडे शेळीच नव्हती. ऐकून घ्यायचं. मग त्यातली चार-पाच वाक्यं निवडून फळ्यावर लिहायची, मुलाच्या नावासकट. हाच आमचा आठवड्याचा पाठ.

इथे तुम्हाला एक अडचण येणार, ती आत्ताच सांगून ठेवते. पोरगं म्हणतं, 'म्या बाजाराला गेल्तो.' फळ्यावर काय लिहायचं? माझ्या एका वरिष्ठ बाईंचा आग्रह असे की 'मी बाजाराला गेलो होतो' असंच लिहावं, नाहीतर मुलांना चुकीचं वळण लागतं. मी पहिलीला तसं करत नाही. मुलाने जे म्हटलं तेच अक्षरात दिसलं पाहिजे, तरच त्याला कळतं की फळ्यावरच्या रेघोट्या म्हणजे आपलंच बोलणं. तोंडातून 'शेळी येली' निघालं आणि फळ्यावर 'शेळी व्याली' आलं, तर ते पोर फळा वाचत नाही, बाईंचा चेहरा वाचतं. दुसरीच्या मुलांसाठी त्याच वाक्याखाली वेगळ्या रंगाच्या खडूने पुस्तकातलं रूप लिहिते आणि विचारते, 'पुस्तकात कसं म्हणतात?' ती मोठ्या हौसेने सांगतात. दोन्ही रूपं फळ्यावर राहतात, कुणाचं काही पुसलं जात नाही.

ती पाच वाक्यं सोमवारीच कार्डशीटवर उतरवून दोरीला टांगते, शुक्रवारपर्यंत तिथेच. मंगळवारी पहिलीने त्यातला ओळखीचा अक्षरगट शोधायचा, दुसरीने एक वाक्य वहीत लिहून त्याला पुढचं वाक्य जोडायचं. गुरुवारी मी वाक्यं कापून शब्दांच्या पट्ट्या करते, मुलं जुळवतात. ज्याचं वाक्य असतं तो पट्टी कुणाला चुकीची लावू देत नाही.

अक्षरांबद्दल. 'अ' ते 'ज्ञ' क्रमाने आणि मग बाराखडी, मग शब्द, या रस्त्याने जाऊ नका, दिवाळी येते तरी मूल एक शब्द वाचत नाही. थोडी अक्षरं आणि एखादी खूण घेऊन लगेच शब्द, हा अक्षरगटाचा मार्ग आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेत नीलेश निमकर यांनी मराठी वाचनाच्या सुरुवातीवर बरंच मुळातून काम केलेलं आहे. फलटण मला जवळ. तिथल्या शिबिरातून परत आल्यावर मी भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता उतरवून मागच्या भिंतीवर लावला. क, म, न, ल ही चारच अक्षरं आणि काना घेतला तर बघा: नाक, कान, काम, मान, लाल, मका, मला, मामा, काका, कमान, कमाल. 'मामाला मका' हे वाक्य झालंच की! पहिल्या आठवड्यात मुलाने पूर्ण वाक्य वाचलं की घरी जाऊन ते आईला सांगतं, आणि दुसऱ्या दिवशी आई दारात येऊन विचारते, 'खरंच वाचतंय का ओ बाई?'

यानंतरची गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा माझ्याजवळ बसून, एकट्याने, मला वाचून दाखवलं पाहिजे. 26 मुलं आहेत ना? रोज सहा धरा, मुलामागे तीन मिनिटं, म्हणजे अठरा-वीस मिनिटं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार मिळून चोवीस होतात. उरलेली दोन आणि गैरहजर राहिलेली शनिवारी. बुधवार मुद्दाम मोकळा ठेवलाय. हे वाचून घेणं मी कधीच चुकवत नाही. परिपाठ छोटा करीन, माहिती उशिरा पाठवीन, पण ती वीस मिनिटं नाही.

त्यासाठी एकच वही. डाव्या बाजूला 26 नावं, पुढे आठवड्यांचे रकाने. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीमुळे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हे स्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसलेत. गट करायला ते बरे आहेत, पण माझ्या वहीत मी स्तर लिहीत नाही, कारण 'शब्द स्तर' लिहिलं की पुढे काय करायचं ते कळत नाही. मी लिहिते: 'मे आणि मै एकच वाचते', 'जोडाक्षर आलं की थांबून माझ्याकडे बघतो', 'वाक्याचा शेवट अंदाजाने, अंदाज बरोबर'. तीन-चार शब्दांत. पुढच्या आठवड्यात तेवढंच तपासायचं.

एका वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता, धडा खणखणीत वाचायचा, बोटही ओळीवर फिरायचं. दोन महिने मी त्याला हुशार समजत होते. एकदा वेळ कमी होता म्हणून म्हटलं, शेवटचं वाक्य तेवढं वाच. त्याने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि धड्याचं पहिलं वाक्य म्हटलं. मोठ्या भावाच्या तोंडून ऐकून सगळा धडा पाठ होता. त्याचा दोष नव्हता, त्याने त्याच्या परीने वाचनच केलं होतं. तेव्हापासून मी मधूनच वाचायला सांगते, आणि पुस्तकाबाहेरची एक ओळ आयत्या वेळी कागदावर लिहून देते.

तुम्ही म्हणाल, एक मूल माझ्याजवळ असताना बाकीची 25 काय करणार? एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असले, की खरा प्रश्न हाच. पहिले तीन आठवडे मी काहीही शिकवत नाही म्हटलं तरी चालेल; फक्त आपापलं काम करायची सवय लावते. पाटीवर चित्र आणि त्याखाली नाव. चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग. दुसरीने पहिलीतल्या एकाला गोष्ट वाचून दाखवणं. वाचनकोपऱ्यात लोळणं, हो, लोळणंसुद्धा. बाईंच्या शेजारी कुणी वाचत असेल तर बाईंना हाक मारायची नाही, रक्त आलं तरच मारायची, हा आमचा वर्गाचा नियम मुलांनीच केला आहे. पहिल्या वर्षी मी अशा वेळी एका हुशार मुलीला फळ्याजवळ उभी करून पाढे घ्यायला लावायची. तिच्या आईने एकदा विचारलं, 'माझी पोर शिकती कवा?' उत्तर नव्हतं माझ्याकडे. आता गटाचं काम आळीपाळीने सगळ्यांकडे जातं, ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडेही. तो चिंचोके वाटतो, पाट्या गोळा करतो, आणि ते अगदी चोख करतो.

गणिताला मी सोमवार सोडून सगळे वार वापरते, आणि पाढे रोज, परिपाठाला जोडूनच, दोन मिनिटं. पहिलीला 20 पर्यंत फारसा त्रास होत नाही. गाडी अडते ती 21 नंतर, मराठीच्या संख्यानामांवर. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. 'त्रेसष्ट' ऐकलं की मुलाच्या कानावर आधी तीन पडतं, ते 3 लिहितं, मग 6. झाले 36. त्यात 'एकोण'ची भर. 'एकोणसाठ' म्हटलं की साठ ऐकू येतं आणि 69 लिहिलं जातं. बरं, एकोणनव्वदपर्यंत नियम धरून आलं तर 99 ला 'एकोणशंभर' न म्हणता नव्व्याण्णव. मुलाने कुठवर लक्षात ठेवायचं?

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' अशी रीत आली, तेव्हा विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे गणितज्ञ झाले होते. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख. त्यांचं म्हणणं साधं होतं, की मुलाला आधार म्हणून ही रीत द्या. जुनी नावं कुणी काढून टाकलेली नव्हती. टीव्हीवर ज्यांनी टिंगल केली त्यांनी दुसरीच्या वर्गात एक दिवस संख्यालेखन घ्यायला हवं होतं. मला विचाराल तर मी दोन्ही वापरते आणि त्याला आठवड्यातला क्रम आहे. मंगळवारी काड्यांचे गठ्ठे: सहा गठ्ठे, तीन सुट्या, 'साठ तीन'. बुधवारी जेवढी मुलं असतील त्यांच्याबरोबर खेळ, मी 'त्रेसष्ट' म्हणणार, मुलांनी गठ्ठे उचलायचे. लिहायचं काहीच नाही. गुरुवारी लिहायचं, पण आधी गठ्ठ्यांचा अंक, मग सुट्या काड्यांचा. शुक्रवारी नुसतं ऐकून लिहायचं, पाचच संख्या. 'त्रेसष्ट' आणि 'छत्तीस' शेजारी शेजारी देते, मुद्दाम. गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या सेमी-इंग्रजीच्या मुलांना इंग्रजी नावं सोपी वाटतात, कारण तिथे वीसच्या पुढे दशक आधी येतं. पण घरी आजी दुधाचा हिशेब मराठीतच करते, तेव्हा त्रेसष्टला पर्याय नाही.

गुरुवारच्या गणितात बाजार येतो. बुधवारी जी मुलं बाजाराला गेली, त्यांना मी गैरहजर म्हणून रागवत नाही, कामाला लावते. मेथीची जुडी केवढ्याला, पावशेर मिरची कितीला, एसटीचं अर्धं तिकीट किती. तेवढं पाठ करून यायचं. गुरुवारी फळ्यावर बाजारभाव लिहिले जातात आणि कागदी नोटांचं दुकान लागतं. दोघांनी वेगळे भाव सांगितले तर भांडण होतं, मग कळतं की एक सकाळी गेला होता आणि एक संध्याकाळी, बाजार उठताना. संध्याकाळी जुडी स्वस्त का झाली, यावर दुसरीच्या मुलांनी अर्धा तास वाद घातलाय. ते त्या दिवशीच्या टाचणात नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीबद्दल थोडंसं. पोषण आहारात पहिली ते पाचवीसाठी मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ असतो. दुसरीची दोन मुलं रोज चारही वर्गांची हजेरी मोजून स्वयंपाकाच्या ताईंना सांगून येतात: 'आज 41, म्हणजे चार किलो आणि शंभर ग्रॅम.' आधी ताई हसायच्या, आता वाट बघतात. याला मी गणिताची तासिका म्हणत नाही, पण वर्षअखेर त्या मुलांना किलो-ग्रॅम शिकवावं लागत नाही.

शुक्रवार हा माझा मागे बघायचा वार. नवीन काही नाही. सोमवारची वाक्यं दोरीवरून उतरतात, ज्याची त्याची पट्टी घरी जाते. ऐकून लिहायच्या पाच संख्या, पाच शब्द. याला मी चाचणी म्हणत नाही आणि गुण देत नाही; चुका कुठे अडल्या तेवढं वहीत उतरवते. तुमच्या वर्णनात्मक नोंदींचा प्रश्नही इथेच सुटतो. ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) असे भाग झाले, आणि त्याबरोबर बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिकाही आल्या. 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो', 'सुंदर हस्ताक्षर काढतो'. सत्राच्या शेवटी दोन रात्री जागून 26 मुलांच्या नोंदी उतरवायच्या आणि स्वतःच्या अक्षराची स्वतःलाच लाज वाटायची. मी शुक्रवारी दोनच मुलांच्या नोंदी लिहिते. वाचनाची वही समोर असतेच. 26 मुलांना तेरा शुक्रवार, सत्र संपायच्या आत सगळ्यांच्या होतात आणि एका मुलाची नोंद दुसऱ्याला लागू पडत नाही.

शनिवार सकाळचा. आता शासनाने त्याला 'आनंददायी शनिवार' असं नाव दिलंय, आमच्याकडे दप्तराविना शाळा आधीपासून होती. कवायत, मातीकाम, गावात फेरी. एक सावधगिरी: शनिवारी चिकटकाम-रंगकाम मांडून फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे, ही साथ आली आहे. फोटोतलं फूल बाईंनी कापलेलं असतं. आम्ही बहुतेक शनिवारी ओढ्याकडे जातो. कोणत्या झाडाला पालवी आली, कुणाच्या विहिरीला पाणी किती खाली गेलं, मेंढ्यांचा वाडा, म्हणजे कळपाचा तळ, कुठे बसलाय. सोमवारच्या बोलण्याला माल तिथूनच मिळतो.

मेंढ्यांवरून आठवलं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला मेंढपाळांचे वाडे हलतात, ऊसतोडीच्या टोळ्याही जातात. पटावर 26, बाकावर 19. शिक्षण हमी कार्ड भरून द्यायचं असतं, ते द्याच, म्हणजे मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. पण वाडा रोज हलत असेल तर शाळा कुठली? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली, कुरणशाळा. तेवढं माझ्याने होत नाही. मी करते ते छोटं: जाणाऱ्या मुलाबरोबर त्याच्याच सोमवारच्या वाक्यांच्या पट्ट्या, एक गोष्टीचं पुस्तक आणि कोरी वही देते. वाड्यावर दुसरीपर्यंत शिकलेली बहीण असेल तर तिला समजावते. फाल्गुनात मूल परत येतं तेव्हा कधी वही भरलेली असते, कधी तिच्यात कोकरांची नावं लिहिलेली असतात. परतलेल्या मुलाला पहिला आठवडा वेगळं काही शिकवायचं नाही. त्याने सोमवारी सांगायचं, कुठं कुठं गेला, काय पाहिलं. कोकण आणि घाट पाहिलेलं वर्गात दुसरं कुणी नसतं.

आठवडा मोडतो तो मुख्यतः आपल्या बाहेरच्या कारणांनी, आणि ते थांबणार नाही. शेजारचे सर शिक्षण परिषदेला गेले की चारही वर्ग तुमच्या गळ्यात. यासाठी एक पेटी तयार ठेवा. माझ्या पेटीत शब्दपट्ट्या, मण्यांची माळ, जुन्या दिनदर्शिकेची पानं (तारखांवरून पन्नास तऱ्हेची गणितं होतात), वर्तमानपत्रातली चित्रं, पंधरा-वीस गोष्टीची पुस्तकं आणि कागदी नोटा आहेत. मोडलेल्या दिवशी पेटी उघडायची, चौथीने दुसरीला, तिसरीने पहिलीला जोडून घ्यायचं, आणि तुम्ही फक्त तुमच्या सहा मुलांचं वाचन घ्यायचं. बाकी त्या दिवशी काहीही अपेक्षा ठेवू नका. यूडायस, सरल या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरायची कामं वर्ग चालू असताना मोबाईलवर करू नका. मुलं तुमच्या नजरेवरून ओळखतात की सर इथं नाहीत, आणि मग वर्ग आवरायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात ती माहिती दोनदा भरून झाली असती.

टाचणाचं विचारलंत. रोजचं पानभर लिहू नका. रविवारी संध्याकाळी आठवड्याचं एक पान: डावीकडे वार, मधे काय नवीन, उजवीकडे तेच पुन्हा कुठे कुठे भेटणार. उजवा रकाना रिकामा राहिला तर मधला खोडून टाका, ते या आठवड्यात शिकवायचं नाही. आमचे आधीचे केंद्रप्रमुख या एका पानावर नाराज होते. मी त्यांना वाचनाची वही दिली आणि म्हटलं, साहेब, यातलं कोणतंही नाव घ्या, त्याला बोलवते, त्याला काय अडतंय ते वहीत बघा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. त्यांनी तीन मुलं घेतली. पुढच्या भेटीत त्यांनी टाचण मागितलं नाही, वहीच मागितली. तुमचे साहेब असं करतीलच असं नाही, तोवर दोन्ही ठेवा.

येत्या सोमवारपासून सगळं एकदम सुरू करू नका. कपाटाच्या दारातला कागद आणि रोजच्या सहा मुलांचं वाचन, एवढंच दोन आठवडे करा. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते तुम्ही लिहिलं नाहीत. तो वार आणि कागदावरची हजेरी कळवा, मग गणिताच्या तासिका कुठे टाकायच्या ते बघू.